पाणचक्कीचे पीठ आणि वक्फचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, पाहायला येणारा प्रवासी पाणचक्कीला गेल्याशिवाय राहत नाही. तिथला हौद, वडाची सावली आणि उंचावरून पडणारे पाणी पाहून तो पुढच्या ठिकाणी निघतो. ही चक्की इथे कोणासाठी बसवली, तिचे पीठ कोण खात होते आणि तिचा खर्च कोण करत होते, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आम्हीही वर्षानुवर्षे विचारले नव्हते.

बुखाऱ्याच्या परिसरातून दख्खनेत आलेले नक्षबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा इथे आहे. सतराव्या-अठराव्या शतकाच्या सांध्यावर त्यांच्या खानकाहमध्ये फकीर, मुसाफिर, सैनिक आणि गोरगरीब यांची सतत वर्दळ असे. एवढ्या माणसांना रोज भाकरी घालायची तर रोज दळण हवे. म्हणून कित्येक मैलांवरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापराच्या नळांतून इथवर आणले, भिंतीतून वर चढवले, उंचीवरून खाली पाडले आणि त्या जोरावर जाते फिरवले. बैल नाही, मजूर नाही. पाणी पडत राहील तोवर पीठ पडत राहील. चक्की, मशीद, दर्गा, सराई आणि त्यांच्या खर्चासाठी लावून दिलेले उत्पन्न अशी ही एक सबंध व्यवस्था होती. राजा बदलला तरी लंगर बंद पडू नये, हा तिचा हेतू. याच पाणचक्कीच्या आवारात पुढे राज्याच्या वक्फ मंडळाचे कार्यालय आले. एका आवारात वक्फची सुरुवातही दिसते आणि त्याचे आजचे रूपही. या दोहोंच्या मधल्या काळात काय झाले, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत.

काही देश श्रीमंत का आणि काही गरीब का, हा प्रश्न जुना आहे. कोणी हवामानाचे कारण दिले, कोणी वंशाचे, कोणी धर्माचे. इस्लाम हाच प्रगतीतला अडसर आहे, असे युरोपातल्या अनेक पंडितांनी एकोणिसाव्या शतकात छातीठोकपणे लिहिले आणि आमच्याकडेही ते पोपटपंचीने म्हणणारे निघाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्थतज्ज्ञांचे लक्ष दुसरीकडे वळले. डग्लस नॉर्थ यांना १९९३ मध्ये नोबेल मिळाले. माणसे ज्या नियमांनी व्यवहार करतात, करार पाळतात, मालमत्ता राखतात आणि तंटे सोडवतात, ते नियम म्हणजे संस्था, असे त्यांचे म्हणणे. याच विचारावर पुढे काम करणाऱ्या डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. यातले असेमोग्लू इस्तंबूलमध्ये जन्मलेले, आर्मेनियन कुटुंबातले. कोरियाचे उदाहरण ते नेहमी देतात. भाषा एक, लोक एक, इतिहास एक. १९४५ मध्ये ३८ व्या अक्षांशावर रेघ ओढली गेली, दोन बाजूंना दोन तऱ्हेचे नियम आले आणि दोन पिढ्यांत दोन वेगळी जगे उभी राहिली. रक्त तेच होते, नियम बदलले.

हा विचार मान्य केला तर मुस्लिम जगाविषयीचा प्रश्नही नव्याने मांडावा लागतो. धर्म पुढे नेतो की मागे खेचतो, या वादात शक्ती घालवण्यापेक्षा आमच्याकडे कोणत्या संस्था होत्या, त्या कशा चालत आणि कुठे अडल्या, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

वक्फ ही त्यातली सर्वांत मोठी संस्था. आपली मालमत्ता अल्लाहच्या नावे कायमची बांधून ठेवायची, तिची विक्री नाही, दान नाही, वारसा नाही. फक्त तिचे उत्पन्न ठरवून दिलेल्या कामाला जाईल. देणारा तो वाकिफ, सांभाळणारा तो मुतवल्ली आणि अटी लिहिलेला कागद तो वक्फनामा. देखरेख काजीची. एवढ्या साध्या चौकटीवर केवढा डोलारा उभा राहिला! फेज शहरातली करवीयीनची मशीद आणि तिच्याभोवती वाढलेले विद्यापीठ परंपरेनुसार ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईच्या दानातून सुरू झाले. दमास्कसमध्ये नूरुद्दीनने ११५४ मध्ये बांधलेले रुग्णालय आणि कैरोत सुलतान कलावूनने १२८४ मध्ये उभारलेले रुग्णालय वक्फच्या उत्पन्नावर चालत. जेरुसलेममध्ये सुलतान सुलेमानची बेगम हुर्रम हिने सोळाव्या शतकाच्या मध्यात अन्नछत्र घातले आणि त्यासाठी कितीतरी गावांचे उत्पन्न लावून दिले. रस्त्यावरची पाणपोई, पूल, सराई, हमाम, मदरसा, कुतुबखाना, जे काम आज आपण नगरपालिकेकडे आणि सरकारकडे मागतो, ते शतकानुशतके वक्फने केले.

तुर्कांनी तर रोख रकमेचाही वक्फ केला. पैसे कर्जाऊ द्यायचे आणि येणाऱ्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार किंवा मोहल्ल्याचा खर्च भागवायचा. हे व्याज नव्हे काय, असा सवाल बिरगिवी मेहमेद या कडक आलिमाने केला. शेखुल इस्लाम अबुस्सुऊद यांनी मात्र लोकांची गरज आणि रूढ झालेला व्यवहार पाहून त्याला मान्यता दिली. सोळाव्या शतकातला हा वाद आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. नियम पुस्तकात कसा आहे याबरोबरच तो माणसांच्या कामी येतो की नाही, हेही पाहण्याची रीत आमच्या फिकहमध्ये होती, याचा तो पुरावा आहे.

मग अडले कुठे? वक्फचे बळ त्याच्या कायमपणात होते आणि त्याची अडचणही तिथेच होती. मालमत्ता कायमची बांधली की सुलतानाला ती सहजासहजी जप्त करता येत नसे, म्हणून श्रीमंत लोक वक्फकडे वळले. पण मालमत्तेबरोबर अटीही बांधल्या गेल्या. सराईसाठी दिलेली जमीन सराईलाच. काफिल्यांची वाट बदलली, सराई ओस पडली, शेजारच्या मोहल्ल्यात शाळा नाही, तरी मुतवल्लीला ते उत्पन्न शाळेकडे वळवता येत नसे. काजीच्या परवानगीने मालमत्तेची अदलाबदल करण्याची, म्हणजे इस्तिबदालची सोय होती. पण तिचा गैरवापर इतका झाला की तिच्याकडे संशयानेच पाहिले जाई. हनफी फिकहमध्ये वक्फचे घर एक वर्षाहून आणि शेतजमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देऊ नये, असा दंडक होता. कारण शहाणपणाचे होते : भाडेकरू फार काळ राहिला की तोच मालक होऊन बसतो. पण एक वर्षाच्या भाडेकरूने पडकी भिंत आपल्या पैशाने का बांधावी? इस्तंबूलमध्ये आगीत जळालेली वक्फची घरे अशीच पडून राहू लागली, तेव्हा तुर्कांनी ‘इजारतैन’ म्हणजे दुहेरी भाड्याची तोड काढली. आधी मोठी एकरकमी रक्कम घेऊन तीतून इमारत दुरुस्त करायची, मग वर्षाला थोडे भाडे घ्यायचे आणि ताबा दीर्घकाळ द्यायचा. इमारती उभ्या राहिल्या, पण वक्फच्या हाती नाममात्र भाडे उरले. तीन वर्षांचा हा दंडक वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे आपल्या देशात पुन्हा भेटणार आहे.

आता व्यापाराकडे वळू. इस्लामचा जन्मच व्यापारी शहरातला. एकाने भांडवल द्यायचे, दुसऱ्याने मेहनत करायची, नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा आणि तोटा आला तर तो भांडवलवाल्याचा, मेहनतीची मेहनत गेली. या मुदारबाच्या कराराने कैरोपासून कालिकतपर्यंतचा व्यापार चालला. इटलीच्या बंदरांत पुढे रूढ झालेली भागीदारी या कराराशी इतकी मिळतीजुळती आहे की काही इतिहासकार तिचे मूळ इथेच शोधतात. दहाव्या-अकराव्या शतकात युरोपच्या व्यापाऱ्याकडे असलेली आणि आमच्याकडे नसलेली अशी कोणतीही मोठी सोय दाखवता येत नाही.

फरक पडला तो नंतर. तुर्की-अमेरिकी अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांनी त्याची जी उकल केली आहे ती थोडक्यात अशी. मुदारबा दोघा-चौघांत होई आणि एखादी सफर संपली की संपे. मधेच कोणी मेला तर करार तिथेच मोडे आणि त्याचा हिस्सा वारसांत वाटला जाई. कुराणातल्या सूरह अन-निसाने हे हिस्से ठरवून दिले आहेत. समजा, एक व्यापारी वारला; आईवडील आधीच गेलेले, मागे बायको, दोन मुलगे आणि तीन मुली. मालमत्तेचे आठ भाग पडतील : एक बायकोला, दोन-दोन मुलग्यांना, एक-एक मुलींना. सातव्या शतकात स्त्रीला कायद्याने ठाम वाटा देणारी ही व्यवस्था न्यायाची होती, याविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही. मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता हव्या त्याच्या नावे करता येत नाही, त्यामुळे एकाच मुलाच्या हाती सारे सोपवण्याची वाटही बंद. परिणाम असा की बापाने जमवलेले भांडवल सहा ठिकाणी जाई आणि पेढी त्याच्याबरोबर कबरीत जाई. म्हणून व्यापारी भागीदारी लहान आणि अल्पकाळाचीच ठेवत. मोठ्या, दीर्घ मुदतीच्या पेढीची गरज पडली नाही, म्हणून तिचे कायदेही घडले नाहीत.

युरोपात भागीदार मेल्यावर करार मोडण्याचा नियम आरंभी होताच. पण वारशाचे नियम गावोगाव वेगळे आणि अनेक ठिकाणी सारे थोरल्या मुलाला देणारे होते. शिवाय चर्च, शहरे, विद्यापीठे, कारागिरांच्या संघटना यांना ‘कायदेशीर व्यक्ती’ मानण्याची रीत तिकडे जुनी होती. माणसे मरतात, पण ही व्यक्ती मरत नाही. ती खटला भरू शकते, कर्ज घेऊ शकते आणि विशेष म्हणजे स्वतःचे नियम स्वतः बदलू शकते. ही कल्पना व्यापाराला लावली गेली. ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली आणि १६०२ मध्ये डच कंपनी निघाली. डच कंपनीचा भागधारक मेला तरी कंपनीचे जहाज परत फिरत नसे. त्याच्या वारसाला फक्त कागदाचा तुकडा मिळे, तो ठेवावा नाहीतर बाजारात विकावा.

इथे थोडे थांबून विचार करायला हवा. वक्फ कायम टिकत होता, पण त्याला स्वतःला बदलता येत नव्हते. भागीदारी बदलता येत होती, पण ती टिकत नव्हती. टिकणे आणि बदलणे हे दोन्ही गुण ज्या एका रचनेत आले ती कंपनी. दर्याचे ज्ञान, गणित, हुंड्या, तराजू हे सारे आमच्याकडे होते. ही एक रचना मात्र आमच्याकडे घडली नाही.

कंपनीने युरोपला श्रीमंत केले म्हणून तिची आरती ओवाळावी, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली आणि पाच वर्षांत त्या सुपीक प्रांतात भीषण दुष्काळ पडला, तरी कंपनीने वसुलीचा तगादा सोडला नाही. लंडनच्या भागधारकांना हिशेब मागता येत होता, मुर्शिदाबादच्या शेतकऱ्याला येत नव्हता. तीच कंपनी, तेच नियमांचे पुस्तक. ज्याला हिशेब विचारता आला त्याचे भले झाले, ज्याला आला नाही तो भरडला गेला. कुरान यांच्या मांडणीवर आमचा आक्षेप आहे तो हाच. मुस्लिम जग मागे पडले त्यात आतल्या संस्थांचा वाटा असेल, आहेच; पण बाहेरून आलेली सत्ता आणि लादलेले तह यांचाही आहे. १८३८ मध्ये बाल्टा लिमानला तुर्कस्तानने ब्रिटनशी तह केला. त्यानुसार बाहेरून येणाऱ्या मालावर ५ टक्के आणि देशातून जाणाऱ्या मालावर १२ टक्के जकात बसली. आपल्याच कारागिराच्या मालावर परक्याहून अधिक कर! १८७५ मध्ये उस्मानी खजिन्याला कर्जफेड झेपेना आणि १८८१ मध्ये युरोपीय सावकारांनी आपले कर्जवसुली खातेच तिथे उघडले.

सुधारणा करणारे तिथेही होते. १८५० मध्ये फ्रेंच नमुन्यावर व्यापारी कायदा आला आणि १८५१ मध्ये बॉस्फरसवर आगबोटी चालवणारी ‘शिरकत-इ-हैरिये’ ही भागभांडवली कंपनी निघाली. पण वक्फच्या बाबतीत सुलतान महमूद दुसरा याने १८२६ मध्ये सरकारी खाते काढून मोठमोठ्या वक्फचे उत्पन्न त्याच्या हाती दिले आणि ते हळूहळू राज्याच्या खर्चात मुरू लागले. मुतवल्ली चोर आहे म्हणून चावी सरकारला दिली. पुढे सरकारला हिशेब कोणी विचारायचा, हे ठरलेच नाही. नियम सुधारणे आणि मालमत्ता ताब्यात घेणे यांतला फरक तेव्हा पुसला गेला, आणि आजही आमच्या देशात वक्फ सुधारणेचे नाव निघाले की समाजाच्या मनात पहिली शंका येते ती हीच.

आता मुंबईकडे येऊ, कारण भांडवल आणि वारसा यांचा हा पेच मुंबईच्या न्यायालयातही उभा राहिला होता. खोजा आणि मेमन हे व्यापारातले मातब्बर समाज. १८४७ मध्ये खोजा आणि मेमन घरांतल्या मुलींनी वडिलांच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे वाटा मागितला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांच्यासमोर साक्षी झाल्या : आमच्यात रिवाज हिंदूंप्रमाणे आहे, मुलींना वाटा नाही. निकाल रिवाजाच्या बाजूने लागला आणि मुली हरल्या. या समाजांच्या व्यापारी भरभराटीत भांडवल एकत्र राहिल्याचा हातभार असेलही. पण ते एकत्र राहिले ते कोणाच्या पदरचे काढून? सख्ख्या मुलींच्या. १९३७ चा शरीयत कायदा आणि कच्छी मेमनांसाठीचा १९३८ चा कायदा येईपर्यंत नव्वद वर्षे गेली.

भांडवल टिकवायचे तर मुलीला वगळावे लागते, हे गणित मुळातच चुकीचे आहे. १८५० मध्ये हिंदुस्थानात कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा आला, १८५७ मध्ये मर्यादित जबाबदारीचे तत्त्व आले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी भागभांडवलावर मुंबईत सूतगिरणीचा पाया घातला. १८७७ मध्ये बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली. पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेलेली ही तीच कंपनी, जिच्या बोटींनी आमच्या आजोबा-पणजोबांना हजला नेले. तिचे मालक बदलले, व्यवस्थापक बदलले, अखेर ती सरकारी झाली. पण कोण्या शेठजीच्या जनाजाबरोबर तिच्या बोटी बंदरात अडकल्या नाहीत. कंपनीत शेअर वाटले जातात, बोट तोडावी लागत नाही. आधीच्या उदाहरणातल्या त्या व्यापाऱ्याचे आठशे शेअर असते तर बायकोला शंभर, मुलग्यांना दोनशे-दोनशे, मुलींना शंभर-शंभर मिळाले असते आणि पेढी दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी उघडली असती. कुराणाने सांगितलेला वाटा आणि धंद्याचे आयुष्य यांत भांडण उरले नसते. असे असूनही आज कोकणात, मराठवाड्यात, खानदेशात कितीतरी मुस्लिम घरांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि ‘शेती तुटेल, दुकान मोडेल’ हेच कारण सांगितले जाते. शरीयतच्या नावाने सभा गाजवणारे या प्रश्नावर गप्प का असतात, हे आम्हाला उमगत नाही.

वक्फची हिंदुस्थानातली कथाही अशीच नियमांची कथा आहे. १८९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कुटुंबासाठी केलेला वक्फ रद्द ठरवला. गरिबांचा वाटा त्यात नावापुरता आहे, असे त्यांचे म्हणणे. त्याआधी कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अमीर अली यांनी उलट मत मांडले होते. समाजात खळबळ उडाली, बॅरिस्टर जिना यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले आणि १९१३ मध्ये असा वक्फ वैध ठरवणारा कायदा झाला. १९२३ च्या कायद्याने मुतवल्लीला हिशेब सादर करणे भाग पाडले. १९५४ मध्ये राज्यवार मंडळांचा कायदा आला, १९९५ मध्ये तो नव्याने झाला. वैधतेसाठी केवढी चळवळ झाली! पण १९२३ पासून कागदावर असलेला हिशेबाचा नियम प्रत्यक्षात यावा, यासाठी तेवढी चळवळ झाल्याचे आम्हाला इतिहासात दिसत नाही.

१९९५ च्या कायद्यात तो तीन वर्षांचा दंडक पुन्हा भेटतो. वक्फची जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने दिली तर तो करार बेकायदा. हेतू पुन्हा चांगलाच : कोणी जागा गिळू नये. प्रत्यक्षात काय झाले? जो सरळ माणूस तिथे रुग्णालय, वसतिगृह किंवा बाजार बांधू शकला असता तो तीन वर्षांच्या करारावर वीटही रचणार नव्हता. जो वाकडा होता तो नाममात्र भाड्याने शिरला आणि तीन पिढ्या राहिला. शेवटी २०१३ च्या दुरुस्तीने शिक्षण, आरोग्य आणि व्यापार यांसाठी तीस वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याची वाट उघडली.

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यात वक्फचे जे आकडे आहेत ते प्रत्येक जमातीच्या दप्तरात चिकटवून ठेवावेत असे आहेत. नोंदलेल्या वक्फ मालमत्ता ४ लाख ९० हजारांहून अधिक, जमीन सुमारे ६ लाख एकर, पुस्तकी किंमत ६ हजार कोटी, बाजारभावाचा अंदाज १ लाख २० हजार कोटी आणि वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपये. बाजारभावाने पाहिले तर शंभर रुपयांमागे चौदा पैसेही नाहीत. दहा टक्के उत्पन्न मिळाले तर वर्षाला १२ हजार कोटी येतील, असे समितीने म्हटले. या आकड्यांत अतिक्रमण आहे, सरकारी खात्यांनीच बळकावलेल्या जागा आहेत आणि आमच्याच लोकांनी कवडीमोलाने लाटलेल्या जागाही आहेत. मराठवाड्यात खिदमतमाश जमिनी होत्या. मशिदीची, दर्ग्याची सेवा करावी म्हणून दिलेल्या या जमिनी खिदमत करणाऱ्यांनीच आपल्या नावे करून विकल्याची उदाहरणे गावोगाव सांगितली जातात. सरकारला दोष देणे सोपे आहे आणि पुष्कळदा बरोबरही आहे. पण मुतवल्ली आमचाच होता.

याउलट सिंगापूर पाहा. तिथेही मुसलमान अल्पसंख्य, तिथेही वक्फ जुने, त्यातले कित्येक अरब आणि हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी केलेले. १९६६ च्या कायद्याने १९६८ मध्ये मजलिस उगामा इस्लाम सिंगापुरा स्थापन झाली आणि वक्फ तिच्या कक्षेत आले, हिशेब सक्तीचे झाले. त्या काळात सरकारने सार्वजनिक कामासाठी वक्फच्या जागा घेतल्या, हेही खरे. तिथे सारे गोडच होते असे नाही. पण या शतकाच्या सुरुवातीला बेंकूलन स्ट्रीटवरच्या जुन्या मशिदीच्या वक्फ जागेचा विकास करायचा ठरला, तेव्हा भागीदारीच्या तत्त्वावर, म्हणजे मुशारकाच्या रोख्यांतून साडेतीन कोटी सिंगापूर डॉलर उभारले गेले. नवी मशीद झाली आणि तिच्याबरोबर भाड्याने देण्याची निवासस्थाने आणि दुकाने झाली. जागा विकली गेली नाही, वक्फ वक्फच राहिला. तुर्कस्ताननेही १९६७ मध्ये नवा कायदा करून वक्फच्या जुन्या कल्पनेला नवे शरीर दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी स्थापन झालेला वेहबी कोच वक्फ आज तिथे विद्यापीठ आणि रुग्णालय चालवतो. शरीयत तीच, वक्फ तोच, निकाल वेगळा. कारण सांभाळण्याचे नियम वेगळे.

२०२५ मध्ये आपल्या संसदेने वक्फ कायदा पुन्हा बदलला. वहिवाटीने मानलेल्या वक्फची तरतूद पुढच्या काळासाठी काढली गेली, मंडळांत मुस्लिमेतर सदस्य आले, जूनमध्ये ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झाले. १५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही कलमांना अंतरिम स्थगिती दिली, पण सबंध कायद्याला दिली नाही. पाच वर्षे इस्लाम पाळत असल्याची अट स्थगित कलमांपैकी एक. या कायद्यामागच्या हेतूविषयी समाजाच्या मनात भीती आहे आणि ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. १८२६ चा इस्तंबूलचा अनुभव आम्ही वर सांगितलाच आहे. न्यायालयातली लढाई लढलीच पाहिजे. पण पोर्टलवर कागद चढवायची वेळ आली तेव्हा ज्या जमातींकडे वक्फनामा, उतारे, भाडेकरूंची यादी तयार होती त्या निश्चिंत राहिल्या, आणि ज्यांच्या मुतवल्लींनी कागद घरच्या कपाटात कोंबले होते त्या धावाधाव करू लागल्या. कागद ठेवायला कोणत्या सरकारने मनाई केली होती?

समृद्धी नियमांमुळे येते म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे दिल्ली आणि संसद उभी राहते. आमच्या मते नियमांची सुरुवात मोहल्ल्यातून होते. मशिदीच्या दुकानांचे भाडे किती, ते शेवटचे केव्हा वाढले, कब्रस्तानच्या जागेचा सातबारा कोणाच्या नावे आहे, ट्रस्टची निवडणूक केव्हा झाली, बायांना ट्रस्टवर जागा का नाही, हे पाच प्रश्न जुम्याच्या नमाजनंतर विचारता येतात. वर्षाचा जमाखर्च मशिदीच्या दारावर लावायला फतव्याची गरज नाही. घरात वाटणी होईल तेव्हा बहिणीला सहीसाठी बोलावण्याऐवजी तिचा हिस्सा तिच्या नावे लिहायला कायदेमंडळाची गरज नाही. ज्या समाजाला आपल्याच मुतवल्लीला हिशेब विचारता येत नाही, त्याने सरकारला विचारलेल्या हिशेबाला वजन येत नाही.

पाणचक्की बांधणाऱ्यांनी पाण्याचा नुसता दाब पाहिला नव्हता. कित्येक मैलांच्या वाटेत कुठे खापराचा एक नळ फुटला तरी जाते थांबेल, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून नळांची वेळोवेळी पाहणी करण्याची तजवीज त्यांनी ठेवली असणार. झरा आटलेला नाही. देणारे आजही देतात. जकात निघते, जमिनी वक्फ होतात. मधल्या नळांची पाहणी कोणी आणि केव्हा करायची, एवढे ठरवणे बाकी आहे, आणि ते ठरवायचे काम दुसऱ्या कोणाचे नाही.